कारभाऱ्याची वही

मराठी भाषेतील ‘कारभारी’ या शब्दाने जितक्या प्रकारची घरे पाहिली आहेत, तितकी दुसऱ्या एखाद्या शब्दाने क्वचितच पाहिली असतील. खेड्यातील बायको नवऱ्याचे नाव न घेता त्यास ‘कारभारी’ म्हणून हाक मारते. त्या हाकेत अर्धा मान व अर्धी थट्टा असते, कारण घराचा खरा कारभार कोणाच्या हाती आहे हे हाक मारणारीस व ऐकणाऱ्यास दोघांसही ठाऊक असते. इतिहासाच्या पुस्तकात डोकावले की तोच शब्द डोईस पागोटे बांधून व कमरेस किल्ल्या लावून उभा असलेला दिसतो. आणि आम्ही ज्या घरात वाढलो, त्या घरात तो रविवारी सकाळी पवित्र शास्त्राच्या पानांतून भेटत असे. तेथे त्याच्याभोवती ना दरबार, ना थट्टा. धनी दूर देशी गेला आहे, केव्हा परत येईल याचा नेम नाही, घर चाकराच्या ताब्यात आहे, आणि धनी आल्यावर पहिला प्रश्न हिशोबाचा निघणार आहे, एवढीच काय ती त्याची कथा.

मूळ ग्रीक शब्द ‘ऑइकोनोमोस’. त्याचा अर्थ घराची व्यवस्था पाहणारा. इंग्रजीतील ‘इकॉनॉमी’ हा शब्द त्याच मुळापासून फुटला. म्हणजे आज ज्या शब्दाने राष्ट्राराष्ट्रांची अंदाजपत्रके तोलली जातात, तो मूळचा कोठीघरातला. पीठ किती उरले, तेल किती लागेल, पाहुणा आला तर काय करावे, हे ज्याला पाहावे लागते आणि तरी ज्याच्या मालकीचे त्यात काहीच नसते, तो कारभारी. ख्रिस्ती धर्मात मनुष्याच्या संसारास जी एक उपमा वारंवार दिली जाते ती हीच. देह, वेळ, पैसा, विद्या, मुलेबाळे, शेतजमीन, यांपैकी काहीही आपले नसून आपल्या हवाली केलेले आहे, असा तिचा अर्थ.

कारभाऱ्याच्या धंद्यास जडणारा खास रोग एकच आहे. चोरी हा तो रोग नव्हे. चोरी हा गुन्हा आहे, आणि तो करणाऱ्यास आपण काय करीत आहो हे पुरते ठाऊक असते. रोग निराळा. किल्ल्या फार दिवस कमरेस राहिल्या म्हणजे त्या आपल्याच आहेत असे वाटू लागते. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव आधी व प्रधानाचे मागून येत असे, पण १७४९ साली शाहू महाराज निवर्तल्यानंतर राज्याचे मर्म साताऱ्यात राहिले नाही, ते पुण्यास आले. शिक्का तोच, शब्द तेच, फक्त धनी कोण हे बदलले. उलट नंदिग्रामी राहून चौदा वर्षे पादुकांच्या नावाने राज्य करणारा भरत पाहावा. त्याला सिंहासन कोणी नाकारले नव्हते. त्याने ते रिकामे ठेवले. आमच्या मते कारभारीपणाचे संपूर्ण तत्त्व त्या रिकाम्या सिंहासनात आहे, आणि ते समजण्यास मनुष्य ख्रिस्तीच असला पाहिजे असे नाही. गांधीजींनी आत्मचरित्रात नमूद केले आहे की, गीतेतील अपरिग्रहाचा विचार करीत असता इंग्रजी कायद्याच्या अभ्यासात वाचलेले स्नेलचे ‘इक्विटी’वरील पुस्तक त्यांच्या मदतीस आले, आणि ‘विश्वस्त’ या शब्दाचा अर्थ त्यांस अधिक स्पष्ट झाला. विश्वस्ताच्या हाती कोट्यवधी रुपये असले तरी त्यातील एक पैही त्याची नसते. संस्कृत गीता व इंग्रजी कायदा यांची गाठ ज्या शब्दापाशी पडली, त्या शब्दापाशी आमचेही शास्त्र येऊन थांबते.

असे असता आमच्या मंडळीत (ख्रिस्ती लोक आपल्या उपासक समुदायास ‘मंडळी’ म्हणतात, हे इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो) हा विषय बहुधा वर्षातून एकदा निघतो, व तोही दशमांशाच्या निमित्ताने. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाचा, असा जुना नियम आहे. नियम चांगला, परंतु सुशिक्षित माणसाच्या हाती चांगला नियम पडला की त्याचे काय होते हे पाहण्यासारखे असते. दशमांश पूर्ण पगारावर काढावयाचा, की प्राप्तिकर वजा जाता हाती पडणाऱ्या रकमेवर? भविष्यनिर्वाह निधीत कापले जाणारे पैसे आज आपले नव्हेत, मग त्यांचा दशमांश आज द्यावा की निवृत्तीनंतर? घरभाडे भत्ता हे उत्पन्न की खर्चाची भरपाई? हे प्रश्न आम्ही काल्पनिक म्हणून लिहीत नाही. उपासना आटोपल्यावर चहाचा पेला हातात धरून आम्ही स्वतः त्यांवर गंभीरपणे वाद घातलेला आहे.

या गणितात एक खोच आहे. जो मनुष्य दहा टक्के बिनचूक देतो, तो उरलेले नव्वद टक्के तितकेच बिनचूक आपले मानतो. देवास आम्ही तलाठी करून टाकतो. सारा भरला, पावती घेतली, आता वर्षभर त्याने शेताकडे फिरकू नये. ज्या ग्रंथात दशमांशाचा नियम आहे त्याच ग्रंथात दुसरा एक नियम आहे, व त्यावर मात्र चहाच्या वेळी वाद निघत नाही. शेताची कापणी करिताना कडेकोपऱ्यापर्यंत कापू नये, पडलेली कणसे पुन्हा वेचू नयेत. ती गरिबास व परक्यास राहू द्यावीत. आमच्या नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याच्यापाशी त्यासाठी ‘सरवा’ हा शब्दच आहे. रूथ नावाची विधवा परमुलुखात आली ती सरवा वेचूनच जगली. या नियमाची गंमत अशी की कोपरा केवढा हे तो सांगत नाही. तेथे गणित संपते व कारभाऱ्याची अक्कल सुरू होते. जमीन माझी नाही, म्हणून पीकही सर्वस्वी माझे नाही, हे ज्याला पटले तो कोपरा सोडतो. ज्याला पटले नाही तो टक्के विचारतो.

टक्क्यांचा प्रश्न ज्याने आयुष्यभर उलटा मांडला, असा एक मनुष्य इंग्लंडात होऊन गेला. मेथॉडिस्ट पंथाचा जनक जॉन वेस्ली याने १७६० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रवचनात पैशाविषयी तीन नियम घालून दिले आहेत. सन्मार्गाने होईल तितके मिळवावे, होईल तितके वाचवावे आणि होईल तितके द्यावे. दुसऱ्या एका प्रवचनात तो ऑक्सफर्डच्या एका तरुणाची हकीकत सांगतो, आणि तो तरुण वेस्ली स्वतःच असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या तरुणास पहिल्या वर्षी ३० पौंड मिळाले. २८ पौंडांत त्याचा खर्च भागला, २ त्याने देऊन टाकले. दुसऱ्या वर्षी प्राप्ती ६० पौंड झाली. तो २८ वरच राहिला व ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० झाले तेव्हा ६२ दिले, आणि चौथ्या वर्षी १२० झाले तेव्हा ९२ दिले. प्राप्ती चौपट झाली, पण त्याचे जेवण चौपट झाले नाही. १७७६ साली चांदीच्या भांड्यांवरील कराच्या अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे विचारणा केली. एवढ्या प्रसिद्ध माणसाने काही चांदी दडविली असावी असा त्यांचा कयास असावा. त्याने कळविले की आपल्यापाशी लंडनला दोन व ब्रिस्टलला दोन चांदीचे चमचे आहेत, आणि सभोवतालच्या इतक्या लोकांस भाकरी मिळत नसता आपण आणखी चांदी विकत घेणार नाही.

चमच्यांची गोष्ट हसून सोडून देता येते. दुसरी एक गोष्ट मात्र सोडवत नाही. वेस्ली तरुण असता एका कडाक्याच्या थंडीच्या दिवशी एक गरीब मुलगी पातळ झगा अंगावर घालून त्याच्या दाराशी आली. तिला काही द्यावे म्हणून त्याने खिशात हात घातला तो पुरेसे पैसे नाहीत. नुकतीच त्याने खोलीच्या भिंतींसाठी चित्रे विकत घेतली होती. चित्रे विकत घेणे पाप नव्हे. परंतु त्या मुलीचे पांघरूण भिंतीवर टांगलेले आहे, हे त्याला त्या दिवशी दिसले आणि जन्मभर दिसत राहिले. उतारवयात त्याने खंत व्यक्त केली की आपल्या अनुयायांपैकी पुष्कळजण पहिला नियम पाळतात, थोडे दुसरा पाळतात, आणि तिसरा पाळणारे फारच विरळा. मिळविणे व वाचविणे हे दोन नियम मध्यमवर्गाच्या अंगी मुळातच असतात. त्यास धर्म लागत नाही. आमच्याविषयी तर असे म्हणता येईल की दुसरा नियम हाच आमचा धर्म होऊन बसला आहे.

घरापुरते बोलावयाचे तर हे तत्त्व आम्हांस शिकविले ते प्रवचनांनी नव्हे, एका पत्र्याच्या डब्याने. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक डबा असे व अजूनही आहे. शिजविण्यासाठी तांदूळ मोजून घेतले की आमची आई त्यातील एक मूठ त्या डब्यात टाकी. आमच्या पत्नीने ती चाल पुढे चालविली आहे. महिनाअखेर डबा ज्या घरी जावयाचा त्या घरी जातो, आणि कोणत्या घरी हे आम्हांसही पुष्कळदा कळत नाही. मिझोराममधील ख्रिस्ती बायकांनी हीच चाल शंभराहून अधिक वर्षे चालवून आपल्या मंडळ्या पोसल्या आहेत. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘मुष्टिफंड’ काढून घरोघरच्या मूठमूठ धान्यावर बोर्डिंगातील मुलांस जेवू घातले. ही मूठ उरलेल्या भातातून काढीत नाहीत, भात शिजण्यापूर्वी काढतात, ही त्यातील खुबी आहे. उरलेले देणे म्हणजे आपल्या मालकीची जाणीव ठेवून उदार होणे. आधी काढणे म्हणजे सारेच आपले नव्हते, हे रोज दोन वेळा हाताला शिकविणे.

पैसा व धान्य यांपलीकडेही आपल्या हवाली पुष्कळ गोष्टी असतात. त्यांचा हिशोब कोणी मागत नाही एवढेच. आमच्या एका तासास साठ विद्यार्थी बसतात. आम्ही वर्गावर दहा मिनिटे उशिरा गेलो तर खर्च होतात ती दहा मिनिटे नव्हेत, सहाशे. आणि ती आमच्या खात्यातली नसतात. एखाद्या मुलाची उत्तरपत्रिका रात्री अकरा वाजता पेंगत तपासली, तर त्याच्या वर्षभराच्या कष्टांवर आम्ही आमच्या झोपेचा कर बसविला असे होते. दुसऱ्याची उसनी आणलेली पुस्तके आमच्या कपाटात वर्षानुवर्षे राहून इतकी रुळली आहेत की त्यांच्या मूळ मालकांनी ती पाहिली तर तेच संकोचाने मागे सरतील. दुसऱ्याचे नाव व कीर्ती हीदेखील त्याच्या पाठीमागे आपल्या तोंडी सोपविलेली ठेव असते, आणि प्राध्यापकांच्या खोलीत मधल्या सुटीत त्या ठेवीची जी अफरातफर होते तिचा हिशोब कोणत्या वहीत लिहावा?

इतके वाचून कोणास वाटेल की प्रस्तुत लेखक स्वतः मोठा विश्वासू कारभारी असावा. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचाही तसाच समज होता. तो कसा गेला हे सांगितल्यावाचून या लेखास अर्थ नाही.

आमच्या मंडळीचा एक छोटासा गरजू साहाय्य निधी आहे. त्याचे खजिनदारपण आमच्याकडे आले तेव्हा जुन्या वह्यांची स्थिती शोचनीय होती. आम्ही दोन महिने खपून सारे जमाखर्च जुळविले, पावत्यांना अनुक्रमांक घातले, अर्जाचा नमुना छापून घेतला, आणि पंच कमिटीच्या सभेखेरीज एक रुपयाही बाहेर जाऊ नये असा ठराव करून घेतला. ठराव योग्यच होता. खजिनदाराच्या मर्जीने पैसे गेले की काय होते याचे कटू अनुभव पुष्कळ मंडळ्यांनी घेतलेले आहेत. वार्षिक सभेत आमच्या हिशोबाची वाखाणणी झाली, आणि ती आम्हांस आवडली.

अशात जुलै महिन्यातील एका संध्याकाळी एक बाई आमच्या दारी आली. मंडळीतलीच, विधवा, एका दवाखान्यात आया म्हणून काम करणारी. मुलाचा तंत्रशिक्षणाच्या शाळेत नंबर लागला होता, आणि आठ दिवसांत फी भरावयाची होती. रक्कम फार मोठी नव्हती. आम्ही तिला बसावयास सांगितले, पाणी दिले, अर्जाचा नमुना दिला, तो कसा भरावा हे समजावून सांगितले, सोबत उत्पन्नाचा दाखला हवा हे सांगितले, आणि सभा बारा दिवसांनी आहे हेही सांगितले.

“बारा दिवस व्हय, सर?” ती म्हणाली.

“नियम आहे, बाई. एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागेल.”

“बरं, सर,” असे म्हणून तिने कागदाची घडी पदरात बांधली व ती गेली. आमच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता, तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दार लावून घेताना आपण एक अप्रिय कर्तव्य सौजन्याने पार पाडले, असेच आम्हांस वाटले.

बारा दिवसांनी सभा झाली. तिचा अर्ज आला नव्हता, म्हणून विषयही निघाला नाही. शिल्लक ४१,३५० रुपये पुढे ओढली. पुढे दोन महिन्यांनी पाळकसाहेबांच्या बोलण्यातून सहज कळले की मुलगा शाळेत गेला नाही, तो मोटारदुरुस्तीच्या एका दुकानात कामाला लागला. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या खिशातील पैसे घेऊन तिच्या घरी गेलो. पुढल्या वर्षी तरी मुलाने शिकावे, आम्ही पाहू, वगैरे पुष्कळ बोललो. तिने ऐकून घेतले, चहा केला, आणि पैशांस हात न लावता म्हणाली, “आता ऱ्हाऊ द्या, सर. त्याला कामाची गोडी लागलीय. हे पैसे दुसऱ्या कुणाच्या लेकराला द्या, पण येळेवर द्या.”

‘वेळेवर द्या’ या दोन शब्दांत तिने आमच्या वहीची तपासणी करून टाकली. ते शब्द रागाचे असते तर बरे वाटले असते. तिने दुसऱ्याच्या लेकराचा विचार केला होता. म्हणजे त्या खोलीत कारभारी कोण होते हे स्पष्ट होते.

त्यानंतर बरेच दिवस आमच्या मनात एक जुना दृष्टांत घोळत राहिला. धनी परदेशी जाताना तिघा चाकरांस पाच, दोन व एक असे तालान्त देऊन जातो. तालान्त म्हणजे चांदीचे मोठे वजन. एका तालान्तात मजुराची सुमारे २० वर्षांची मजुरी भरत असे. पहिले दोघे व्यापार करून ते दुप्पट करतात. तिसरा खड्डा खणून आपला तालान्त पुरून ठेवतो आणि धनी आल्यावर जसाच्या तसा परत करतो. शिक्षा होते ती या तिसऱ्यास. लहानपणी आम्हांस हा अन्याय वाटे. त्याने चोरले नाही, उधळले नाही, हरवले नाही. धन्याची चांदी तोळाभरही कमी झाली नाही. जगातील कोणत्याही हिशोबतपासनिसाने त्याच्या वहीवर समाधानाने सही केली असती. मात्र त्याने स्वतःच्या बचावासाठी जे कारण सांगितले ते लक्षात घेण्यासारखे आहे. आपण भ्यालो, असे तो म्हणतो. धन्याच्या कामाची त्याला चिंता नव्हती. चिंता होती ती आपल्यावर ठपका येईल याची. त्याने चांदी सांभाळली नाही, स्वतःला सांभाळले. इंग्रजीत बुद्धिमत्तेस ‘टॅलंट’ म्हणतात तो शब्द या दृष्टांतातूनच आला, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. पण पुरणाऱ्याच्या हातातील फावडे आपल्याच हाताच्या मापाचे आहे हे कधी ध्यानात आले नव्हते. उधळ्या कारभारी सहज ओळखता येतो, त्याच्याविरुद्ध नियम करता येतात. नियमांच्या आडोशाला बसलेला भित्रा कारभारी ओळखणे कठीण, कारण सभेत त्याची वाखाणणी होते.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील एक प्रसंग या संदर्भात आठवतो. त्यांच्या कामासाठी १८८७ साली बॉस्टन येथे स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे पत्करले होते. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, याचा विचार करून बाईंनी केडगावास जमीन घेतली व फळझाडे लावली. उद्देश हा की त्या उत्पन्नावर सदन उभे राहावे. हा दूरदर्शी कारभार झाला. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींचे तांडे घेऊन परतल्या. आणि भविष्याची तरतूद म्हणून राखलेली ती जमीन त्या मुलींच्या निवाऱ्याची जागा झाली. ‘मुक्ती’ उभी राहिली ती तेथे. जमीन उद्यासाठी घेतली होती. परंतु दुष्काळ आज आला होता. ज्याने उद्याची तरतूदच केली नाही तो मूर्ख खरा. पण तरतूद कशासाठी होती हे जो विसरला त्यास काय म्हणावे?

यावर कोणी म्हणेल, रमाबाई असामान्य होत्या. मंडळीच्या निधीच्या खजिनदारास नियम पाळावेच लागतात. हा आक्षेप आम्हीही स्वतःशी घेऊन पाहिला. त्याचे उत्तर आमच्याच घरातील एका ट्रंकेत होते.

आमचे वडील नगर जिल्ह्यातील एका खेड्यात शाळामास्तर होते आणि तेथील लहानशा मंडळीचे खजिनदारही. त्यांच्या मागे त्यांची ट्रंक बरेच दिवस तशीच राहिली होती. ती उघडली तेव्हा तळाशी लाल बासनात बांधलेली १९७२-७३ ची एक वही सापडली. ते मोठ्या दुष्काळाचे वर्ष. विहिरी आटल्या होत्या, लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती व सुकडीवर दिवस काढीत होती. आम्ही तेव्हा दोन-तीन वर्षांचे होतो. वडिलांचे अक्षर मोत्यासारखे. जमेच्या बाजूस चार आणे, आठ आणे अशी अर्पणे, खर्चाच्या बाजूस धान्य, औषध, प्रवास. प्रत्येक पैशाची नोंद आहे. हिशोब आमच्यापेक्षा तसूभरही कमी काटेकोर नाही. परंतु त्या वर्षी काही खर्चांपुढे एक शेरा वारंवार येतो: ‘पंचांची मंजुरी घेणे आहे. न मिळाल्यास माझ्या पगारातून.’ दोन-तीन आठवड्यांनंतरच्या तारखेस बहुतेकांपुढे ‘मंजूर’ असे लिहिले आहे. पाच नोंदींपुढे तसे नाही. तेथे निराळ्या शाईत दोनच शब्द आहेत: ‘पगारातून भरले.’

आम्ही ती वही घेऊन आईकडे गेलो. पंचाऐंशीच्या घरातील आमच्या आईला यातले काही ठाऊक नव्हते. त्या वर्षी घरात साखर येत नसे व गुळाचा चहा होई, एवढे मात्र तिला आठवत होते. “अरे, दुष्काळ होता तो,” ती म्हणाली, “साखर कुठून येणार?” आम्ही तिला नोंदी वाचून दाखविल्या. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “मला सांगितलं असतं तरी मी काय नाही म्हणणार होते?” या बोलण्यातला रुसवा पन्नास वर्षांनी उशिरा आला होता, तरी तो खरा होता. वडिलांच्या कारभारातही एक बाजू लंगडी होती तर! जी साखर त्यांनी दिली ती त्यांच्या एकट्याची नव्हती, आणि तिच्या दुसऱ्या कारभारणीस त्यांनी विचारले नव्हते. आम्ही हे मुद्दाम लिहीत आहो, कारण पित्याची मूर्ती घडवून तिच्यापुढे उदबत्ती लावणे हा या लेखाचा हेतू नाही.

पण मुख्य गोष्ट उरतेच. त्यांनी नियम मोडला नाही, हिशोब बिघडविला नाही, आणि दारी आलेल्यास थांबविलेही नाही. नियम आणि गरज यांच्यामध्ये बारा दिवसांचे जे अंतर पडते, ते त्यांनी आपला पगार आडवा घालून बुजविले. आम्ही तेच अंतर त्या बाईच्या पदरात बांधून दिले होते. नियमाने खजिनदारास निधीचे पैसे देण्याची मनाई केली होती. स्वतःचे पैसे जामीन ठेवण्याची मनाई कोणत्याही ठरावात नव्हती. ती फट आम्हांस दिसली नाही, कारण निधी मंडळीचा व पगार आमचा अशी भिंत आम्ही मनात पक्की बांधली होती. वडिलांच्या वहीत ती भिंत नव्हती; दोन्ही खाती एकाच धन्याची होती.

पुढे आम्ही कमिटीपुढे एक सूचना ठेवली की ठराविक लहान रकमेपर्यंत खजिनदाराने तत्काळ द्यावे, सभेस मागून कळवावे, आणि सभेने नामंजूर केल्यास ती रक्कम खजिनदाराने भरावी. सहा महिने चर्चा झाली. ही सूचना पुढच्या खजिनदारांवर अन्याय करणारी आहे असे काहींचे म्हणणे पडले, व ते खोटे नव्हते. शेवटी ती आमच्या कारकीर्दीपुरती मंजूर झाली. या वेळी आम्ही घरी आधी विचारले. पत्नीने एवढेच विचारले की नामंजूर होणाऱ्या रकमा महिन्यास साधारण किती असतील, आणि उत्तर ऐकून म्हणाली, “तेवढं निघेल.” आजवर दोनदा भरावे लागले आहे. घरात साखर येते. तेव्हा यात शौर्य काही नाही.

आणखी एक बदल आम्ही स्वतःपुरता केला आहे. कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत दिलेल्याची नोंद असते, न दिलेल्याची नसते. म्हणून वही नेहमी आपल्या बाजूने बोलते. आम्ही आमच्या खाजगी वहीत एक तिसरा रकाना आखला आहे, त्याचे नाव ‘न दिलेले’. त्यात पैसाच येतो असे नाही. शंका विचारण्यास आलेल्या विद्यार्थ्यास ‘उद्या ये’ म्हटले व तो आला नाही, तेही त्यात आहे. आजारी स्नेह्याकडे जावयाचे राहिले, तेही आहे. प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहावे लागते, आणि कारणे एका खाली एक आली म्हणजे ती एकमेकांसारखी दिसू लागतात, असा अनुभव आहे. ही वही कमिटीपुढे जात नाही. ती ज्याला दाखवावयाची आहे तो मागेल तेव्हा दाखवू.

त्या रकान्यातील पहिली नोंद जुलै महिन्याची आहे. रक्कम लिहिली आहे, कारण लिहिले आहे: ‘सभेस बारा दिवस होते.’ शेऱ्याची जागा अजून कोरी आहे. परवा गाडी दुरुस्तीस नेली तेव्हा तो मुलगा भेटला. आता चांगला कारागीर झाला आहे. त्याने काळजीपूर्वक काम केले, बदललेला जुना भाग कागदात गुंडाळून आमच्या हाती दिला व म्हणाला, “सर, हा तुमचा भाग, बघून घ्या. लोकांना वाटतं, न बदलताच पैसे घेतले.” आम्ही तो भाग घरी आणला आहे. टेबलावर वहीशेजारीच तो पडलेला असतो.